होकुसाई : एक आजन्म उमेदवारी

मराठीत एक शब्द फार सहजपणे वापरला जातो. एखादा मुलगा सुरेल गातो, एखादी मुलगी हुबेहूब चित्र काढते, तेव्हा हे तिला जात्याच येते असे आपण म्हणतो. या शब्दाच्या पोटात दुसरा कोणता शब्द दडलेला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कौशल्य रक्तातून येते, बापाकडून मुलाकडे जाते आणि ज्याच्या घरी ते नाही त्याने त्याची हाव धरू नये, ही समजूत या देशात शतकानुशतके कोणाच्या सोयीची ठरली, हेही आपण जाणतो. तरीसुद्धा कलेचा विषय निघाला की आपल्यातील भलेभले शिक्षक तीच भाषा बोलू लागतात. मीही बोललो आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्यास, चित्रकला तुझ्या हातात नाही, तू गणिताकडे लक्ष दे, असे मी सांगितले. आज्ञाधारक मुलगा होता, त्याने ऐकले. पुढे एका जपानी चित्रकाराची जीवनकथा अभ्यासताना मला त्या मुलाची आठवण वारंवार होत राहिली. त्या चित्रकाराचे नाव होकुसाई.

होकुसाईचा जन्म १७६० साली एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमिदा नदीच्या पूर्वेकडील होंजो या वस्तीत झाला. बालपणीचे नाव तोकितारो. शोगुनच्या दरबारासाठी धातूचे आरसे घडविणाऱ्या नाकाजिमा इसे या कारागिराच्या घरी तो वाढला. परंतु त्या घराचा धंदा त्याच्या वाट्यास आला नाही. त्या काळी जपानवर तोकुगावा शोगुनांची सत्ता होती. सामुराई, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशी समाजाची उतरंड जन्मावर बेतलेली होती, आणि या उतरंडीच्याही बाहेर, मृत जनावरांचे व चामड्याचे काम करणाऱ्या लोकांस अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवलेले होते. हा इतिहास आपणांस परका वाटणार नाही. चित्रकलेतही वंशपरंपरेचाच दंडक होता. शोगुनच्या दरबाराची चित्रे कानो घराण्याकडे असत. तेथे पूर्वजांनी घालून दिलेल्या नमुन्यांवरून शिष्य वर्षानुवर्षे नकला करीत आणि ते नमुने घराण्याची मिळकत समजले जात. होकुसाईच्या मागे असे कोणतेही घराणे नव्हते.

मात्र एदोचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे पुस्तके स्वस्त होती आणि वाचणारे पुष्कळ होते. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या या नगरीत पुस्तके भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अशाच एका दुकानात कामास लागला. त्या पुस्तकांत चित्रे असत. त्यानंतर चौदाव्या वर्षी लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराकडे त्याने उमेदवारी धरली आणि तीनचार वर्षे तेच काम केले. हा काळ चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, आणि तो का, हे समजण्यासाठी त्या कामाची रीत पाहावी लागेल. जपानी छापील चित्र तीन हातांतून जात असे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवला जाई आणि कोरणारा रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून नेमकी रेषा तेवढी उंच ठेवी. प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरली जाई, मग छपाई करणारा शाई लावून कागद घासून घेई. कोरताना मूळ रेखाटन नष्ट होत असे, म्हणून हात चुकला तर दुरुस्तीस वाव नसे. चौदापंधरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्यांच्या हजारो रेषा अशा कोरणीच्या टोकाने चालून पाहिल्या. वृद्धपणी त्याने प्रकाशकांना पत्रे लिहून अमुकच कोरणारा हवा असा हट्ट धरला, एगावा तोमेकिची या कारागिराचे नाव घेऊन त्याची मागणी केली आणि इतरांनी नाक व डोळे कसे बिघडवले याच्या तक्रारी केल्या, त्याचे मूळ येथे आहे.

१७७८ साली त्याने कात्सुकावा शुन्शो या प्रसिद्ध चित्रकाराच्या चित्रशाळेत प्रवेश मिळविला. काबुकी नाटकांतील नटांची चित्रे ही त्या शाळेची ख्याती होती. गुरूने त्यास शुन्रो हे नाव दिले आणि पुढची सुमारे पंधरा वर्षे तो नट, कुस्तीगीर आणि पुस्तकांतील प्रसंग रंगवीत राहिला. ही चित्रे आज पाहिली तर ती नीटनेटकी आहेत, परंतु शाळेतील इतर शिष्यांच्या चित्रांतून ती ओळखून काढणे सोपे नाही. तिशी उलटली तरी पुढे जगभर गाजणाऱ्या होकुसाईचा मागमूस त्यांत फारसा लागत नाही.

गुरूच्या निधनानंतर, १७९४ च्या सुमारास, तो त्या शाळेतून बाहेर पडला. सांगतात ते असे, की त्याने एका दुकानासाठी रंगविलेली पाटी शुन्को या ज्येष्ठ गुरुबंधूने सर्वांदेखत फाडून टाकली, आणि आपण पुढे जे काही झालो ते त्या अपमानामुळे झालो, असे होकुसाई उतारवयात बोलून दाखवी. पाटीची कथा खरी असो वा नसो, पुढचे हाल खरे होते. पोटासाठी रस्त्यावर लाल मिरची व दिनदर्शिका विकण्याची पाळी त्याच्यावर आली असे सांगितले जाते. याच दिवसांत त्याने पुन्हा शिकण्यास प्रारंभ केला. जपानमधील जुन्या शैली, चीनमधील चित्रे, नागासाकी बंदरात डच व्यापाऱ्यांबरोबर येणारी ताम्रपटाची युरोपीय चित्रे आणि त्यांतील दूर जाताना लहान होत जाणाऱ्या वस्तूंचे गणित, जे हाती लागेल ते त्याने गिरवून पाहिले. चाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थाने पहिलीच्या वर्गात येऊन बसावे तसा हा प्रकार होता.

या माणसाची आणखी एक सवय विलक्षण होती. तो आपले नाव बदलीत असे. आयुष्यात त्याने तीसहून अधिक नावे धारण केली. सोरी या नावाने थोडी प्रतिष्ठा मिळताच ते नाव त्याने शिष्यास देऊन टाकले आणि ध्रुवताऱ्याशी निगडित असलेल्या म्योकेन बोधिसत्त्वावरील श्रद्धेतून होकुसाई, म्हणजे उत्तरेकडील चित्रशाळा, हे नाव घेतले. पुढे तेही सोडले. नाव देऊन पैसे मिळत, आणि त्याची गरज त्यास नेहमीच असे, हे कारण मी नाकारीत नाही. परंतु चाळीसपन्नास वर्षे कमावलेली ओळख टाकून नवख्या नावाने पुन्हा बाजारात उभे राहणे केवळ पैशासाठी कोणी करील असे वाटत नाही.

आता त्याच्या लाटेविषयी. कानागावाच्या समुद्रातील महालाट हे त्याचे चित्र वाचकांनी कोठे ना कोठे पाहिलेच असेल. जपानच्या एक हजार येनच्या नव्या नोटेवरही २०२४ पासून ते आहे. फेसाची नखे काढून उसळलेली निळी लाट, तिच्याखाली अंग चोरून बसलेले वल्हेकरी, आणि लाटेच्या खळग्यातून दूर दिसणारा इवलासा फुजी पर्वत. हे चित्र पाहिले की एखाद्या प्रतिभावंतास ते एका सकाळी सुचले असावे असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १७९७ साली त्याने एनोशिमाच्या किनाऱ्याचे चित्र काढले. त्यात लाट आहे, फुजी आहे, पण लाट किनाऱ्याशी येणारी, सौम्य. १८०३ च्या सुमारास होंमोकू येथील समुद्राचे चित्र काढताना युरोपीय पद्धत वापरून पाहिली. तेथे लाट नौकेवर उभी राहिली आहे, मात्र ती भिंतीसारखी ताठ आहे. दोनएक वर्षांनी पुन्हा तोच विषय. वेगाने वल्हवीत जाणाऱ्या नावा आणि त्यांवर झुकलेली लाट, म्हणजे रचना बहुतेक सापडली, परंतु पाणी अजून मातीच्या ढिगाऱ्यासारखे जड आहे. ही चारही चित्रे शेजारी मांडून मी वर्गात दाखवितो. मुलांना तिसऱ्या चित्रातील चूक दाखवावी लागत नाही, ती त्यांना आपोआप दिसते, आणि एवढ्या मोठ्या माणसाचेही चुकत होते याचा त्यांना उघड आनंद होतो. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १८३१ च्या आसपास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर ही लाट त्यास साधली. फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये या मालिकेतील हे एक चित्र. मालिका इतकी खपली की छत्तिसांवर आणखी दहा काढावी लागून एकूण चित्रे ४६ झाली. प्रशियन निळा हा परदेशी रंग त्याच सुमारास जपानमध्ये स्वस्त झाला होता, त्याचाही या यशात वाटा आहे. शेवयांच्या एकदोन वाडग्यांच्या किमतीत हे चित्र सामान्य माणसास विकत मिळत असे.

शिक्षक म्हणून मला अधिक ओढ आहे ती त्याच्या मांगा या ग्रंथमालेची. १८१२ साली तो नागोया येथे गेला असताना शिष्य माकी बोकुसेन याच्या घरी मुक्कामास राहिला आणि तेथे त्याने तीनशेहून अधिक रेखाटने केली. त्यांतून १८१४ साली मांगाचा पहिला खंड निघाला. पुढे खंडावर खंड निघत गेले. त्यांत काय नाही? भात कांडणारे, वजन उचलणारे, आंघोळ करणारे, झोपलेले, जांभई देणारे लोक. लठ्ठ माणसे व हडकुळी माणसे. बेडूक, मासे, झाडांची पाने, पूल, पाऊस, भुते आणि भिक्खू. चित्रांची संख्या चार हजारांच्या घरात जाते. ही पुस्तके मुख्यतः शिकणाऱ्यांना गिरवण्यासाठी होती. त्याच १८१२ च्या सुमारास झटपट रेखाटन शिकविणारे त्याचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले, ज्यात केवळ पट्टी व कंपास घेऊन, वर्तुळ आणि चौकोन यांतून पक्षी, प्राणी व माणसे कशी उभी करावीत हे दाखविले आहे. दरबारी घराण्यांनी जी विद्या नमुन्यांच्या पेटीत बंद ठेवली होती, ती या माणसाने छापून, स्वस्त करून, ज्याला हवी त्याच्या हाती दिली. तो समाजसुधारक होता असा दावा मी करणार नाही; तसे कोणतेही काम त्याने केलेले नाही, आणि शिष्य वाढले की चित्रकाराचे पोट चालते हा हिशेबही त्यात होताच. परंतु वर्तुळ आणि चौकोन कोणत्याही जातीच्या हाताला काढता येतात, एवढी गोष्ट त्या पुस्तकाने निर्विवाद केली.

१८१७ मध्ये नागोयातच त्याने लोकांसमोर बोधिधर्माचे भव्य चित्र काढले. कागद सुमारे १८ मीटर लांब व ११ मीटर रुंद होता, कुंचले केरसुणीएवढे होते, आणि पूर्ण झालेले चित्र दोरांनी वर ओढून जमावास दाखवावे लागले. बोधिधर्म म्हणजे परंपरेनुसार भारतातून चीनमध्ये गेलेला, नऊ वर्षे भिंतीसमोर ध्यानस्थ बसलेला भिक्खू. जपानी लोक त्यास दारुमा म्हणतात. ते चित्र दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाले.

त्याच्या घरात सुख फारसे नव्हते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्यास अर्धांगाचा झटका आला. त्यातून तो कसाबसा उठला. १८२८ मध्ये दुसरी पत्नी वारली. नातवाच्या जुगारी कर्जांनी त्यास अक्षरशः घराबाहेर काढले. १८३० च्या दशकातील भीषण दुष्काळात चित्रे देऊन तांदूळ मिळवावा लागला असे सांगतात. महालाट आणि फुजीची दृश्ये ही याच वर्षांतील आहेत. या काळात सोबत होती ती त्याची मुलगी ओई हिची. ती स्वतः उत्तम चित्रकार होती. नवराही चित्रकारच, पण त्याच्या चित्रांतील उणिवांस ती हसे, आणि ते लग्न टिकले नाही. मग ती वडिलांकडे परतली. दिव्यांच्या उजेडातील रात्र रंगविण्यात तिचा हात असा होता की वडिलांच्या सहीच्या किती चित्रांत तिचे श्रम आहेत, हा प्रश्न आज अभ्यासकांस पडतो. इतिहासाने तिला न्याय दिलेला नाही. बापलेक दोघेही चित्रांत इतके गढलेले असत की घर झाडले जात नसे. केरकचरा असह्य झाला की ते घरच बदलीत. होकुसाईने आयुष्यात ९३ वेळा बिऱ्हाड हलविले अशी ख्याती आहे.

१८३४ साली फुजीची शंभर दृश्ये या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. जपानी गणनेप्रमाणे, म्हणजे जन्मताच एक वर्ष धरून, तो तेव्हा ७५ वर्षांचा होता. पुस्तकाच्या शेवटी त्याने आपल्याविषयी थोडे लिहिले. सहाव्या वर्षापासून वस्तूंचे आकार काढण्याचा आपणास नाद होता. पन्नाशीपासून बरेच काही प्रसिद्ध झाले. तथापि सत्तरीपूर्वीचे काहीही हिशेबात घेण्याजोगे नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी पशुपक्षी, किडे व मासे यांची घडण आणि झाडांची वाढ थोडीफार उमगली. म्हणून ऐंशीव्या वर्षी आणखी प्रगती होईल, नव्वदीत गाभ्यापर्यंत पोहोचता येईल, शंभरीत काही अद्भुत साधेल, आणि एकशेदहाव्या वर्षी प्रत्येक ठिपका व प्रत्येक रेषा जिवंत होईल, असा हिशेब त्याने मांडला. खाली सही केली ती चित्रवेडा म्हातारा मांजी अशी. कोणी यास विनोद म्हणतात. त्यात विनोद असेलही, परंतु त्यानंतरची पंधरा वर्षे त्याने हा हिशेब गंभीरपणे पाळला.

१८३९ मध्ये त्याच्या घरास आग लागली. अनेक वर्षांची रेखाटने व टिपणे जळून गेली. हातात कुंचला घेऊन तो बाहेर पडला आणि पुन्हा कामास लागला. १८४२ आणि १८४३ या वर्षांत त्याने एक नेम धरला. दररोज सकाळी एक सिंह काढायचा. कधी खरा सिंह, कधी सिंहाचा मुखवटा घालून नाचणारा माणूस, रोज निराळा. अनिष्ट टळावे अशी त्यामागे श्रद्धा होती, आणि आपण ती मानीत नाही. मात्र त्र्याऐंशी वर्षांचा, जगाने उस्ताद मानलेला चित्रकार रोज सकाळी पाटी गिरवावी तसा एक प्राणी काढतो, ही गोष्ट उरतेच. यांपैकी दोनशेहून अधिक सिंह आज उपलब्ध आहेत.

याच उतारवयातील एक आठवण त्याच्या शिष्याने सांगितली व ती पुढे त्याच्या पहिल्या मोठ्या जपानी चरित्रात नोंदली गेली. शिष्य आपला कुंचला मनासारखा चालत नाही म्हणून निराश झाला होता. ओई हसली. तिने त्यास सांगितले, की वडील लहानपणापासून ऐंशीच्या पुढे येईपर्यंत रोज चित्रे काढीत आले आहेत, आणि तरी परवाच ते हाताची घडी घालून रडत बसले होते, कारण त्यांना एक मांजर नीट काढता येत नव्हते. मुलगी हे सांगत असताना होकुसाई जवळच होता. आपल्याला जमत नाही असे वाटून जो हातपाय गाळीत नाही तोच पुढे जातो, अशा अर्थाचे काही तो बोलला. मी माझ्या विद्यार्थ्यास जे सांगितले, ते त्या केर साचलेल्या घरात कोणी कोणास सांगितले नसते.

ऐंशी ओलांडल्यावर तो एदोपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, डोंगरांतील ओबुसे या गावी गेला. पुढेही काही वेळा तेथे जाऊन राहिला. तेथील ताकाई कोझान हा मद्यव्यापारी त्याचा शिष्य व आश्रयदाता होता. ओबुसे येथील उत्सवी रथाच्या छतावर त्याने १८४५ साली पुन्हा लाटा रंगविल्या. त्यांत नाव नाही, माणूस नाही, पर्वत नाही. पाणी तेवढे आहे, स्वतःभोवती फिरणारे. तेथील गान्शोइन या बौद्ध विहाराच्या छतावरील भव्य फिनिक्स पक्षी १८४८ चा आहे.

१८४९ च्या मे महिन्यात एदोतील आसाकुसा भागात त्याचे निधन झाले. आणखी दहा वर्षे मिळाली असती, निदान पाच तरी मिळाली असती, तर खरा चित्रकार होता आले असते, अशी खंत त्याने अंथरुणावर व्यक्त केल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी काढलेल्या एका चित्रात फुजीच्या मागून काळ्या धुराबरोबर एक ड्रॅगन आकाशात चढताना दिसतो, आणि सहीजवळ वय लिहिले आहे, नव्वद. मांगाचा पंधरावा आणि शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, १८७८ साली प्रसिद्ध झाला.